शेणाचा हिशेब: नेदरलँड्सचे संकट एका रात्रीत आले नाही

१/ १ ऑक्टोबर २०१९ रोजी हजारो डच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर धडकले. तेव्हापासून एक सोयीस्कर कथा सांगितली जाते: शेणासारख्या नैसर्गिक वस्तूवर पर्यावरणवाद्यांनी एका रात्रीत निर्बंध लादले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. हा थ्रेड त्याविषयी.

२/ नेदरलँड्सच्या दक्षिण व पूर्व भागांतील वालुकामय जमीन मुळात निकृष्ट. शतकानुशतके तेथील शेतकरी माळावरची झुडपे मुळांवरच्या मातीसकट कापून गोठ्यात अंथरीत आणि शेणमुतात मुरलेला तो थर शेतात नेत. खत दुर्मीळ होते. जनावरे किती, यावर पीक किती हे ठरे.

३/ दुसऱ्या महायुद्धानंतर हे नाते तुटले. रॉटरडॅम बंदरातून थायलंडचा टॅपिओका व अमेरिका खंडांतील सोयाबीन येऊ लागले. पशुखाद्य परक्या मातीत पिके, शेण मात्र ब्राबांटच्या मातीत पडे. जमीन तेवढीच राहिली. डुकरे आणि कोंबड्या कित्येक पटींनी वाढल्या.

४/ पीक गरजेपुरतेच घेते. उरलेले नायट्रेट मातीचे कण धरून ठेवीत नाहीत. हिवाळी पावसाबरोबर ते भूजलात उतरते. स्फुरद मातीत साचतो आणि तिची क्षमता संपली की ओढ्यांत झिरपतो. अमोनिया हवेतून माळरानांवर उतरतो व तेथील मूळ झुडपांना हटवून गवत माजवतो. अति तेथे माती, आणि येथे तर मातीचीही माती.

५/ हे ठाऊक नव्हते काय? होते. नोव्हेंबर १९८४ मध्येच कृषिमंत्री गेरिट ब्राक्स यांनी डुक्कर व कुक्कुटपालनाच्या विस्ताराला लगाम घालणारा कायदा आणला.

६/ १९८७ चे नियम मात्र पाहा. हेक्टरी स्फुरदाची मर्यादा इतर शेतजमिनीला १२५ किलो, गवताला २५०, मक्याला ३५०! मक्याची भूक मोठी होती म्हणून नव्हे. जादा शेण निमूटपणे सोसणारे पीक तेच होते म्हणून. मोजमाप पिकाच्या गरजेचे नव्हते, विल्हेवाटीच्या सोयीचे होते.

७/ १९९१ च्या युरोपीय नायट्रेट निर्देशाने जनावरांच्या खतातील नत्राला हेक्टरी १७० किलोंची सीमा घातली. डच सरकारने १९९८ मध्ये वेगळीच वाट धरली: आधी वापरा, मग जादा ठरलेल्यावर आकार भरा. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती अपुरी ठरवली. तरीही २००६ पासून गवताळ शेतांसाठी २५० किलोंची सवलत मिळाली; ती टप्प्याटप्प्याने संपवण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला.

८/ मे २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने आणखी एक पळवाट बुजवली: नत्र उद्या घटेल या भरवशावर आज परवाने वाटण्याची. म्हणजे 'एका रात्री'आधी पस्तीस वर्षे उलटून गेली होती.

९/ शेतकऱ्याचा संताप खोटा नाही. त्याचा रोख चुकला आहे. फसवले ते नियमांनी नव्हे, नियम पुढे ढकलणाऱ्यांनी. १९८४ मध्ये थोडक्यात भागले असते, ते कर्ज काढून गोठे बांधलेल्या पुढच्या पिढीच्या माथी आले.

१०/ 'नैसर्गिक आहे, म्हणजे कितीही चालेल' असे कोणी म्हटले, तर त्याला तीन प्रश्न विचारा: किती, कोणत्या पिकाला, कोणत्या ऋतूत? उत्तर नसेल, तर ते खत नव्हे. शेतात टाकलेला कचरा होय.