मुदत कोणी ठरवावी?

निवडणूक केव्हा घ्यावी आणि देशाने कोणत्या लष्करी गोटात सामील व्हावे, या दोन्ही प्रश्नांत राज्यकर्त्यांचा स्वार्थ गुंतलेला असतो. म्हणूनच त्यांचा निर्णय केवळ राज्यकर्त्यांवर सोपवणे धोक्याचे ठरते. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार मतदारांना विचारून झाला नव्हता. १९७६ मध्ये आणीबाणीच्या आधारे लोकसभेची मुदत दोनदा वाढवली गेली, तीही जनतेला न विचारता. मधु लिमये व शरद यादव यांनी या वाढीव मुदतीच्या निषेधार्थ तुरुंगातून राजीनामे दिले. बहुसंख्य सभासद मात्र जागा अडवून बसले.

मग सार्वमत हा रामबाण उपाय आहे काय? स्पेनचा अनुभव सावध करणारा आहे. विरोधात असताना नाटोला विरोध करणाऱ्या तेथील समाजवादी पक्षाने सत्तेवर आल्यानंतर १२ मार्च १९८६ रोजी सार्वमत घेतले, नाटोत राहण्याचा प्रचार केला आणि कौलही तसाच मिळवला. प्रश्नाची शब्दरचना, त्याला जोडलेल्या अटी आणि मतदानाचा मुहूर्त, सारे सरकारच्याच हाती होते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्टीत या वादाच्या दोन्ही बाजू दिसतात. या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, प्रशासक आले आणि तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी आदिवासीने ज्या सभागृहाकडे दाद मागायची, तेच रिकामे राहिले. उलट धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा आधी अभ्यासगटात विषय समजून घेते आणि मग सर्वसहमतीने निर्णय करते. २००९ मध्ये या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. येथे प्रश्नही गावाचा आणि उत्तरही गावाचेच.

१७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या एकत्र निवडणुकांच्या विधेयकानुसार मध्यावधी निवडून आलेल्या सभागृहाला केवळ उरलेली मुदत मिळेल. म्हणजे मताचे आयुष्य पुन्हा वरूनच ठरणार. कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभांपुढे न्यावा. चर्चेवाचून घेतलेला कौल हा केवळ शिक्का असतो. आणि मुदतीत न झालेली निवडणूक ही जनतेच्या हक्काची चोरीच होय.