शनिवारचा तास मुलांचाच

शनिवारी मुलांसाठी राखलेला 'आनंददायी शनिवार' हा तास भंडारा जिल्ह्यातील शाळांनी प्रयोग आणि खेळ यांनाच द्यावा, राहिलेले धडे उरकायला नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असा तास दिला की अभ्यासक्रम मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पण फळ्यावर पुन्हा पुन्हा सांगूनही न कळणारी घनता इथल्या धान उत्पादकाच्या अंगणात आहे. बादलीतल्या १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणे ओतले, की पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. परे टाकण्याआधी, म्हणजे रोपांसाठी धान पेरण्याआधी, वडील हे करतात आणि लेकरू परीक्षेत व्याख्या विसरते! ती बादली वर्गात आली, तर गेलेला तास भरून निघेल. भोवरा आणि लगोरीही बल व गती शिकवतातच. प्रयोगशाळा नसल्याची सबब इथे टिकत नाही. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत विज्ञानप्रसारक अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून, प्रयोगशाळेविनाही विज्ञान शिकवता येते हे केव्हाच दाखवले आहे.

जिल्हा परिषदेने या तासाचे अहवाल आणि छायाचित्रे मागू नयेत. भिंगे, चुंबक, तराजू यांसाठी लागणारे किरकोळ पैसे शाळांना जूनमध्येच द्यावेत. परे शाळा उघडतानाच पडतात; निधी मार्चअखेरीस आला, तर बादली रिकामीच राहील.