परत आलेल्या झबल्याचा हिशेब

कापड बाजारातल्या जुन्या पेढ्यांवर हिशेबाची रीत ठरलेली असे. दिवसा कीर्द, रात्री खतावणी, महिनाअखेर तेरीज. माल काउंटरवरून गेला की गेला. पैसे गल्ल्यात आले, नाहीतर उधारीच्या पानावर चढले. उधारी बुडायचीही, पण बुडाली हे निदान कळायचं. घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्याचं दुखणं निराळं आहे. माल घरातून गेला म्हणजे विकला गेलाच असं नाही आणि बँकेत पैसे जमा झाले तरी ते नेमके कशाचे, हे सांगता येत नाही.

माझी भाची नगरच्या सावेडीत घरातल्याच एका खोलीतून तान्ह्या बाळांचे कपडे विकते. झबली, टोपडी, दुपटी, मऊ सुती गोधड्या. दोन मोठ्या संकेतस्थळांवर तिचं दुकान आहे, शिवाय व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांच्या ऑर्डरी. शिवणकामाला बाहेरच्या बायका, पॅकिंगला ती आणि तिच्या सासूबाई. "मामा, परवडेल असं एखादं सॉफ्टवेअर सांगा ना," म्हणाली. मी चौकशी सुरू केली आणि लक्षात आलं की ज्याला विचारावं तो स्वतः वापरतो त्याचंच नाव घेतो. कर सल्लागार म्हणाला टॅली. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला म्हणाला, मोबाइलवरचं व्यापार ॲप घ्या, बिल करून लगेच व्हॉट्सॲपला टाकता येतं. पुण्यात आयटीत असलेला पुतण्या म्हणाला, ईआरपीनेक्स्ट, ते तर फुकट आहे काका!

तिघांचंही खरं होतं, ज्याच्या त्याच्यापुरतं. गंमत म्हणजे यातली दोन सॉफ्टवेअरं जन्माला आली तीच घरच्या धंद्यातून. १९८६ मध्ये बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंकांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला मनासारखं काही मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत यानं जे लिहिलं त्यातून टॅली उभी राहिली. मुंबईच्या ऋषभ मेहतांचंही तसंच. घरचा फर्निचरचा व्यवसाय, त्यासाठी घेतलेली यंत्रणा काही चालेना, तेव्हा ते स्वतःच प्रोग्रॅमिंगला बसले. पुढे त्यातून ईआरपीनेक्स्ट झालं आणि त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. या दोघांकडे एक गोष्ट आधीपासून होती: आपलं नेमकं कुठं अडतंय, हे त्यांना ठाऊक होतं. आपण उलटं करतो. आधी सॉफ्टवेअर आणतो आणि मग त्यात काय भरायचं ते शोधत बसतो.

भाचीचं अडत होतं परताव्यापाशी. समजा, ४०० रुपयांचं झबलं गेलं. संकेतस्थळ त्यातून आपलं कमिशन कापतं, कुरिअरचा खर्च कापतं, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी कापतं. शिवाय करपात्र किमतीवर जीएसटीपोटी अर्धा टक्का टीसीएस (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता) आणि विक्री वर्षाला पाच लाखांच्या पुढं गेली की आयकराचा ०.१ टक्का टीडीएस. उरलेली रक्कम काही दिवसांनी इतर पन्नास ऑर्डरींबरोबर एकाच आकड्यात बँकेत पडते. मधेच त्यातलं एखादं झबलं परत येतं. कधी माप चुकलं म्हणून, कधी पैसे घरपोच द्यायचे होते आणि दारात कुणी नव्हतं म्हणून. मग परतीचा खर्चही कुठंतरी वजा होतो. आलेलं झबलं चांगलं असेल तर साठ्यात मिळवायचं, डाग असेल तर नाही. हे सगळं जुळवायला भाची रविवारी दुपारी बसायची आणि रात्री डोकं धरून उठायची.

बिल छापून देणारी ॲप्स ढिगानं आहेत, काही फुकटही आहेत. हे जुळवून देणारं सॉफ्टवेअर मात्र वेगळं असतं, आणि त्याचे पैसे बहुधा महिन्याच्या ऑर्डरींच्या संख्येवर ठरतात. दिवाळीत धंदा वाढला की त्याचं भाडंही वाढतं. विकणारा प्रतिनिधी हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. या भाड्यावरही १८ टक्के जीएसटी आहेच.

फुकटच्या ईआरपीनेक्स्टचंही ऐका. सॉफ्टवेअर खरोखर फुकट आहे आणि कामही चोख करतं. पण ते कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवावं लागतं, कुणीतरी मांडून द्यावं लागतं. लोणी-संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हे हौसेनं करून देणारी मुलं सापडतील. ती मुलं मे महिन्यात पास होतात आणि जूनमध्ये हिंजवडीला जातात. मग सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे, यावर घरात चर्चा होते.

आणि मुळात सॉफ्टवेअर हवंच का? १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असणाऱ्याला संकेतस्थळांवर आपल्या राज्यापुरता माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेतला की पुरतं. लोणची-पापड महाराष्ट्रातच विकणाऱ्या बचत गटानं एक्सेलची नीट आखलेली पानं ठेवली तरी काही बिघडत नाही. माल इंदूर-सुरतेला पाठवायचा तर मात्र नोंदणी आली, विवरणपत्रं आली, आणि टीसीएसचा तो कापलेला अर्धा टक्का पोर्टलवर जाऊन स्वीकारून आपल्या खात्यात घेणं आलं. ४०० रुपयांमागं दोन रुपयेसुद्धा होत नाहीत, म्हणून कित्येक जण तिकडं बघतच नाहीत. वर्षाचे मिळून एखाद्या ॲपचं भाडं त्यातून निघेल.

दर बदलले तर काय, हेही विचारून ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ ला पाकीटबंद चिवडा-फरसाणावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, दिवाळी महिन्यावर असताना. ज्यांच्याकडं कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेली जुनी प्रत होती, त्यांना प्रत्येक वस्तूचा दर एकेक करून हातानं बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक खास अडचण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ग्राहक पत्त्यात कुणी जुनं नाव लिहितो, कुणी नवं, कुणी नुसतंच नगर. जिल्हावार विक्रीचा तक्ता काढला तर एकाच जिल्ह्याचे तीन जिल्हे होतात आणि आपली विक्री घटली की काय, असं वाटतं. ४१४००१ हा पिनकोड मात्र तोच आहे. तेव्हा गावाच्या नावावर नाही, पिनकोडवर तक्ता काढून देणारं सॉफ्टवेअर बघा.

माझं मत विचाराल तर मोफत चाचणीच्या पहिल्याच दिवशी सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून बघावा: वस्तू, ग्राहक, बिलं, परतावे, सगळं. ती फाइल कर सल्लागाराला पाठवून त्याला ती जशीच्या तशी चालते का, ते विचारावं. त्याच्याकडचा टॅली ऑपरेटर जर तेच आकडे पुन्हा बोटांनी भरणार असेल, तर त्याची मजुरी धरून स्वस्त काय ते ठरवावं. डेटा बाहेर काढायला नकार देणारं किंवा त्याचे वेगळे पैसे मागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नये.

भाचीनं तूर्त काहीच विकत घेतलेलं नाही. तिनं आधी प्रत्येक कपड्याला माप आणि रंगाचा एक संकेतांक दिला, दोन्ही संकेतस्थळांवर तोच टाकला, आणि एक्सेलमध्ये परताव्याच्या कारणाचा रकाना वाढवला. त्यातून कळलं की सगळ्यात जास्त परत येतात ती पिवळी टोपडी. फोटोत तो रंग श्रीगोंद्याच्या पिकल्या लिंबासारखा दिसतो, हातात घेतल्यावर मळकट. आता फोटो नव्यानं काढायचं चाललंय. सॉफ्टवेअरचं मार्च संपल्यावर बघू म्हणते.