शब्दाला कुलूप कुणाचं?

दोस्तांनो, आपली पोरं म्हणतात, कोर्टकचेरी हे पांढरपेशांचं काम, आपली जागा रस्त्यावर. मी साच्यावर पाळी करणारा माणूस. रस्ता मलाही कळतो. पण बाबासाहेबांचा कोट फोटोत मिरवायचा आणि त्यांची बॅरिस्टरी विसरायची, याची मला चीड येते.

१९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला होता. हायकोर्टात बाबासाहेब त्यांच्या बाजूनं उभे राहिले. हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्वे काही आपल्या वस्तीतले नव्हते. लैंगिक शिक्षणाचा त्यांचा विषय, त्या काळात जवळ कोण उभं करणार? बाबासाहेबांनी जात बघितली नाही, विषयाची लाज धरली नाही. बोलायचा हक्क सगळ्यांचा, नाहीतर कुणाचाच नाही.

आपल्याच लाईनीवरचं पालघर घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे वारले, मुंबई बंद झाली. एका पोरीनं फेसबुकवर विचारलं, बंद कशाला? दुसरीनं लाईक केलं. दोघींना अटक. एकीच्या चुलत्याचा दवाखाना फोडला. श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कलम ६६-अ रद्द झालं. मेलेल्या कलमाखालीही पोलीस गुन्हे नोंदवत राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून निकाल लागला की घरी जायचं नसतं, पहारा द्यायचा असतो.

भावना दुखावल्याचं कुलूप आपल्यालाही लागलंय. १९८७ साली सरकारनं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं आणि राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ उठला. सरकार ते वगळायला निघालं. आपली माणसं मुंबईत उतरली, तेव्हा मजकूर राहिला. खाली तळटीप आली की ही मतं सरकारची नाहीत. नसू देत!

दुसरं कुलूप मालकीचं. त्यावर मोर्चा निघत नाही, कारण ते दिसत नाही. कॉपीराइट म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून हयातीत छापलेलं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १ जानेवारी २०१७ पासून मोकळं. पण मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला कलम २४ लागतं, ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. म्हणजे जे ‘रिडल्स’ आपण रस्त्यावर वाचवलं, ते २०४७ संपेपर्यंत अख्खं छापायला परवानगी हवी. टीका-परीक्षणासाठी उतारे घ्यायची मोकळीक कलम ५२ देतं. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

लेखकाला मोबदला मिळावा, मी स्वतः कामगार आहे, घामाचे पैसे मला कळतात. पण मुक्तीचा शब्द तिजोरीत ठेवायचा नसतो. आमच्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाचा शब्द, पण लोकांच्या भाषेत, उघड्या दगडावर. वाचायला परवाना नाही, नकलायला दाम नाही.

आज तो दगड म्हणजे मोबाईल आणि हे सायक्लोस्टाईलचं पान. तेव्हा प्रत्येक वस्तीत एकानं तरी हा कायदा वाचावा. मोकळं झालेलं छापा, वाटा, नेटवर चढवा. बंद आहे ते समाजासाठी मोकळं करा, असं सरकारला आणि मालकी असणाऱ्यांना लेखी विचारा. आणि उद्या न पटणाऱ्या माणसाचं तोंड दाबलं, तर त्याच्याही बाजूनं उभे राहा. कर्व्यांच्या बाजूनं उभं राहायला बाबासाहेब लाजले नाहीत. तुम्ही कोण लागून गेलात?