आधी पाणी, मग हद्द

शहराच्या वेशीवरच्या गावांत इमारती उभ्या राहणारच आहेत, मग ती गावं महापालिकेत घेतलेली काय वाईट? नियोजन होईल, रस्ते होतील, लोकांना घरं मिळतील. हद्दवाढीच्या बाजूचं हे म्हणणं इतकं सरळ आहे की विरोध करणारा आडमुठा ठरतो. बिल्डरलाही तेच हवं असतं. जाहिरातीत ‘महापालिका हद्दीत’ एवढं आलं की दर चढतो.

पुण्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, काही पुढे वगळली, आणि उरलेल्यांचा विकास आराखडा मंजूर व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर गुंठ्यागुंठ्यावर चढणारी बांधकामं काय थांबून राहिली होती? २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ च्या जूनअखेर आणखी २३. क्षेत्रफळानं पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. लगेच जुलैमध्ये या २३ गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (पीएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. परवानगी आणि तिचं शुल्क एकाकडे, पाणी-ड्रेनेजचा भार दुसऱ्याकडे. आहेर एकानं घ्यायचा, पंगत दुसऱ्यानं वाढायची! ग्रामपंचायती गेल्या, मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाचीही मुदत संपली, आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच, ना नगरसेवक.

‘नियोजन’ म्हणजे काय ते मला आमच्या सोसायटीच्या गेटवर कळतं. वॉचमनच्या टेबलावर दोरीनं पेन बांधलेली वही असते: गाडी नंबर, वेळ, लिटर, सही. पहिला टँकर उजाडायच्या आत येतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला एक पान पुरत नाही. परवानगीच्या फाइलमध्ये स्टॅम्प पेपरवर बिल्डरचं हमीपत्र आहे, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. ताबा दिला, सोसायटी नोंदली, आणि तो ‘मी’ निघून गेला. टँकरची बिलं आता मेंटेनन्समधून जातात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याच्या संशयानं सगळ्यांचं लक्ष नांदेड गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे गेलं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर. आणि ही गावं तेव्हा महापालिकेतच होती.

मग गावं बाहेरच राहू द्यावीत? कराला वैतागलेले तसं म्हणतात. तेही मला पटत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीत शहराचा कचरा आधी गेला, शहर नंतर गेलं. २०१७ ला ही गावं घेतली, २०२२ च्या अखेरीस वगळायचं जाहीर झालं, २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद आली. पाटी बदलली म्हणून कचऱ्याचं जमिनीत मुरलेलं पाणी शुद्ध होत नाही. आणि बिल्डर हद्दीपाशी थांबत नाही, त्याला परवानगी देणारं कुणीतरी असतंच.

माझं म्हणणं एवढंच, की नकाशावरची रेघ शेवटी ओढावी. कोणत्या धरणातून किती पाणी, टाकी कुठे, मैलापाणी कोणत्या केंद्रात, हे आधी कागदावर यावं. हमीपत्राला पाण्याचा स्रोत मानणं बंद करावं. जलवाहिनी पोहोचली नाही तर भोगवटा पत्र नाही. घरं महागतील अशी ओरड होईल. टँकरवरचं घर स्वस्त नसतंच. उरलेली किंमत दरमहा हप्त्यानं वसूल होते.

सभागृहात आता निवडून आलेली माणसं आहेत, त्यांनी पुढच्या फाइलवर सही करण्याआधी हा हिशेब मागावा. आणि तुम्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटनं भुलू नका. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या गेटवर जा आणि वॉचमनकडे ती वही मागा.