चिमुकले स्टेशन आणि हाताचे शिक्षण

आगगाडी पाहून ज्याचे मन हरखत नाही असा मुलगा विरळा. आणि खेळण्यातील आगगाडी पाहून ज्यास स्वतःचे बालपण आठवत नाही असा पालकही विरळाच. तथापि आम्हांस येथे केवळ खेळण्याविषयी लिहावयाचे नाही. अमेरिकेत जाणती, प्रौढ माणसे महिनेच्या महिने खपून लाकडाच्या बारीक पट्ट्यांपासून एखादे चिमुकले स्टेशन, लाकूडगिरणी किंवा कोळशाचे कोठार उभारतात, आणि त्याभोवती रूळ, ओढा, दरड व झाडी रचून एक हुबेहूब देखावा तयार करतात. ह्या कलेपासून आमच्या शाळांनी व पालकांनी काय घ्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो; पण शालेय प्रदर्शनांची आजची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांस तो किरकोळ वाटणार नाही. हल्ली बाजारात ‘प्रकल्प’ तयार मिळतात. पवनचक्की हवी की ज्वालामुखी, एवढे सांगितले म्हणजे दुकानदार तो बांधून देतो. वडील पैसे मोजतात, मुलगा वस्तू उचलून शाळेत आणतो, शिक्षक गुण देतात. तिघांपैकी कोणीही तोंडाने खोटे बोललेले नसते, आणि तरीही प्रदर्शनाच्या मेजावर एक असत्य मांडलेले असते. मुलाच्या हातास त्यातून काहीच मिळत नाही. मनास मात्र एक धडा मिळतो, तो हा की दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव लिहिले तरी चालते. आमच्या मते हा धडा नापास होण्यापेक्षाही घातक आहे.

आता त्या अमेरिकन संचाकडे पाहू. त्यास तिकडे ‘क्राफ्ट्समन किट’, म्हणजे कारागिराचा संच, असे म्हणतात. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील जॉर्ज सेलिओस यांनी १९६७ साली ‘फाइन स्केल मिनिएचर्स’ ही संस्था काढून अशा संचांस मोठी कीर्ती मिळवून दिली. पेटी उघडली की त्यात घर नसते. बासवुड नावाच्या मऊ, बारीक पोताच्या लाकडाच्या पट्ट्या, फळ्यांच्या रेघा कोरलेले पातळ तक्ते, खिडक्यादारांचे सुटे भाग, धातूच्या ओतीव चिमुकल्या वस्तू, छपरासाठी कागदाच्या पट्ट्या, आणि मापाबरहुकूम काढलेले नकाशे एवढेच सापडते. मोजणे, कापणे, जोडणे, रंगविणे हे सर्व घेणाऱ्याने करावयाचे.

ह्यातील पहिला गुरू म्हणजे माप. सर्वांत प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. ह्या प्रमाणात खरा १ मीटर साडेअकरा मिलिमीटरांचा होतो. मध्यम उंचीचा मनुष्य सुमारे २ सेंटिमीटरांचा होतो. आणि १ इंच जाडीची फळी मिलिमीटराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ ठरते. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, तिचा ३४ किलोमीटरांचा मार्ग ह्या प्रमाणात मांडू म्हटले तर सुमारे ३९० मीटर लांबीची जागा लागेल. म्हणून काय ठेवावे व काय गाळावे, ह्याचा विवेक करावाच लागतो. आणखी एक मौज पाहा. बाजारातील तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील प्रमाणभूत रूळ १४३५ मिलिमीटर अंतरावर असतात. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्यास सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. माथेरानच्या २ फुटी मार्गास मात्र ७ मिलिमीटर पुरतात. गुणोत्तराचे गणित फळ्यावर ज्यास रुक्ष वाटते, त्याने ते एकदा लाकडावर करून पाहावे. पवित्र शास्त्रात नोहाच्या तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात व उंची ३० हात अशी मापे स्पष्ट दिली आहेत. भक्तीच्या कामासही माप सुटलेले नाही.

दुसरा गुरू म्हणजे क्रम. लाकूड जोडण्यापूर्वी रंगवावे लागते, कारण जेथे सरस सांडला तेथे पातळ रंग मुरत नाही व पांढरा डाग उमटतो. पाण्याचा रंग एकाच बाजूस लावला तर तक्ता वाकतो. म्हणून भिंतीस आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा आधार आधीच द्यावयाचा. छपराची पहिली ओळ वळचणीस लावून मग एकेक ओळ वर चढवावयाची, म्हणजे खऱ्या छपराप्रमाणे वरची ओळ खालच्या ओळीवर येते व पाणी आत शिरण्यास वाट राहत नाही. रुळांखालची खडी चिकटविताना पातळ केलेल्या सरसात साबणाचे एकदोन थेंब टाकतात, नाहीतर सरस खड्यांवर मोत्यांसारखा गोळा होऊन खाली उतरतच नाही. ह्यातील प्रत्येक नियमामागे कारण आहे, आणि कारण न समजता घाई करणाऱ्यास लाकूड लगेच दंड करते. लाकडापुढे वशिला चालत नाही.

येथे सुज्ञ पालक तीन आक्षेप घेतील. पहिला खर्चाचा. तो खरा आहे. परदेशचे हे संच महाग असतात, आणि ते प्रत्येक घरी आणावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हांस त्यांची रीत हवी, पेटी नव्हे. आगपेटीच्या काड्या, बांबूच्या कामट्या, जुना पुठ्ठा, चाळलेली वाळू, वाळलेला चहाचा चोथा व नारळाचा काथ्या एवढ्यावर नेरळचे स्टेशन उभे राहू शकते. दुसरा आक्षेप असा की संच तरी विकतच ना? होय; पण संच सामान विकतो, श्रम विकत नाही. कागदाचे दुकान व निबंध लिहून देणारे दुकान ह्यांत जो भेद, तोच येथे आहे. तिसरा आक्षेप परीक्षेचा. दहावीच्या वर्षी हे उद्योग नकोत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पाचवी ते आठवी ह्या वर्षांत आठवड्यातून दोन तास हातास दिल्याने कोणाचे गुण बुडतील असे आम्हांस वाटत नाही. ज्याने एक खिडकी तीनदा कापून चौथ्यांदा नीट बसविली, तो भूमितीच्या वहीतही रेघ सांभाळून ओढू लागतो.

आणि हे वेड केवळ परक्यांचे आहे असेही नाही. पुण्यास कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. अशा ठिकाणी मुलांस नेल्यावर ‘किती छान!’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे कशाचे केले असेल?’ असे विचारण्यास त्यांस शिकवावे.

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन नावाच्या गृहस्थाने आपल्या घराच्या तळघरात अनेक वर्षे राबून डोंगरदऱ्यांसह एक विशाल लघुरेल्वे उभारली होती. नव्या वस्तूवर धूळ, गंज व वापराच्या खुणा रंगाने दाखविण्यात त्याचा हातखंडा होता. १९७३ सालच्या जानेवारीत तो वारला, आणि काही दिवसांतच आग लागून त्या रचनेचा बहुतेक भाग नष्ट झाला. तरीही त्याची रीत पाहून शिकलेले लोक पुढे देशोदेशी तसे काम करीत राहिले. वस्तू जळाली, विद्या उरली. विकत आणलेला प्रकल्प प्रदर्शन संपताच अडगळीत जातो, आणि त्याच्यामागे उरण्यासारखे काहीच नसते.

तात्पर्य, आमच्या सूचना थोड्या आहेत. प्रदर्शनात तयार वस्तू स्वीकारू नये. प्रत्येक वस्तूजवळ विद्यार्थ्याने स्वतः काढलेला मापाचा नकाशा ठेवावा, आणि कापताना बिघडलेले तुकडेही एका डबीत मांडावेत. परीक्षकांनी आधी ती डबी पाहावी. पालकांनी धारदार सुरी चालविताना लहान मुलाजवळ बसावे, पण सुरी आपल्या हाती घेऊ नये. भिंत थोडी वाकडी झाली तर होऊ द्यावी. ती मुलाची आहे.

ज्या प्रभूस आम्ही भजतो, त्याने नासरेथात सुताराचे काम केले. लाकडावर घाम गाळणे त्यास कमीपणाचे वाटले नाही. त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत मुलांचे हात रिकामे राहू नयेत व त्यांच्या नावावर दुसऱ्याचे काम मांडले जाऊ नये, एवढीच आमची पालकांस नम्र विनंती आहे.