आठव्या बिटाची गोष्ट : दोष मराठीचा नव्हता

१/ चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर सिमेंटसाठी ओळखले जाते. या गावाचे नाव जुन्या संगणकाच्या तारेतून जाताना त्याचे काय होऊ शकत होते, हे पाहिले की संगणकावरील मराठीविषयीचा एक रूढ समज तपासून घ्यावा लागतो.

२/ एकेकाळी एकाच संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेले असत. टर्मिनल म्हणजे केवळ पडदा आणि कीबोर्ड. जोडणी सिरीयल केबलची, बहुधा आरएस-२३२ या प्रमाणानुसार. त्याची 'सी' आवृत्ती १९६९ ची. प्रत्येक अक्षराचे बिट एकामागून एक तारेतून जात.

३/ जोडणी बिघडली की लक्षणांवरून निदान होई. पडदा कोरा राहिला, तर पाठवण्याची आणि घेण्याची तार एकमेकींशी उलटसुलट जोडून पाहावी लागे. सगळीच अक्षरे विद्रूप उमटली, तर दोन्हीकडचा बॉड, म्हणजे वेग, बहुधा जुळलेला नसे. चालता पडदा एकाएकी थिजला, तर अनेकदा कोणाकडून नकळत कंट्रोल-एस दाबले गेलेले असे. कंट्रोल-क्यू दाबताच तो पुढे सरके.

४/ चौथे लक्षण मात्र फसवे. इंग्रजी स्वच्छ दिसते, मराठी तेवढी बिघडते. 'तार ठीक आहे, दोष मराठीचा' असा निष्कर्ष सहज निघतो, आणि तो चुकीचा असतो.

५/ इंग्रजीला ७ बिट पुरतात. म्हणून ७ बिट मजकुराला आणि आठवा पॅरिटीला, म्हणजे चूक ओळखण्याला, अशी मांडणी सर्रास असे. इस्की या भारतीय लिपींच्या प्रमाणात (आयएस १३१९४, १९९१) देवनागरी अक्षरे १६० च्या पुढील क्रमांकांवर आहेत. त्यांना आठवा बिट लागतोच. 'ग' १८१ वर, 'ड' १९१ वर. आठवा बिट गळला की प्रत्येकातून १२८ वजा होतात. उरतात ५३ आणि ६३, म्हणजे पाचाचा आकडा आणि प्रश्नचिन्ह. 'गड' पडतो तो असा.

६/ उपाय साधा होता : दोन्ही टोकांना '८ बिट, पॅरिटी नाही'. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान भारतीय लिपी टर्मिनलवर आणत होते. राज्याचा राजभाषा अधिनियम तर १९६४ चा. कायदा होता, तंत्र होते. मधल्या तारेची मांडणी तेवढी इंग्रजी गृहीत धरून केलेली होती.

७/ म्हणून 'जुन्या संगणकांना मराठी झेपत नव्हती' हे विधान इतिहास म्हणून स्वीकारू नये. आठवा बिट गळलेला मजकूर तसाच साठवला गेला असेल, तर त्यातील पाच हा मूळचा आकडा की 'ग', हे यंत्राला सांगता येत नाही. अशा मजकुराचा उलगडा करायचा, तर जुन्या फ्लॉपीइतकीच त्या काळच्या सेटिंगची वही आणि ती जाणणारी माणसेही मोलाची ठरतात. दोन्ही झपाट्याने दुर्मीळ होत आहेत.

८/ चंद्रपूर-गडचिरोलीत गोंडीही बोलली जाते. तिच्या मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१७ मध्ये. लिपीचा इतिहास लिहिताना अक्षरांच्या वळणांबरोबरच, यंत्रात कोणत्या लिपीला जागा कोणी आणि केव्हा दिली, याचीही नोंद व्हायला हवी.